खुर्चीतला पादचारी

माझ्या ताईला लहानपणी पोलिओ झाला. पंचाहत्तरी उलटल्यावर काठीही पुरेना, तेव्हा भाच्यानं तिला बॅटरीवर चालणारी खुर्ची आणून दिली. पहिल्याच संध्याकाळी ती हौसेनं कोपऱ्यावरच्या वाचनालयाकडे निघाली. मी शेजारून चालत होतो. फूटपाथच्या तोंडाशी स्टीलचे खांब रोवलेले. दुचाकीवाल्यांनी वर चढू नये म्हणून. त्यांच्यामधून माणूस जातो, खुर्ची जात नाही. आम्ही रस्त्यावरून जाऊ लागलो, तर मागून रिक्षावाला ओरडला, ‘‘आजी, फूटपाथवरनं जा की!’’ ताई हसून मला म्हणाली, ‘‘फूटपाथ म्हणतो मी गाडी, रस्ता म्हणतो मी माणूस. मी नक्की कोण रे?’’

हाच प्रश्न एकेकाळी इंग्लंडच्या कायद्यापुढेही होता. त्यानं तो कसा सोडवला, ते आज सांगणार आहे.

तिथला १८३५ सालचा हायवे ॲक्ट अजून लागू आहे. त्याचं ७२वं कलम पायी चालणाऱ्यांसाठी राखलेल्या वाटेवर घोडा, गाढव, मेंढरं, डुकरं नेण्यास मनाई करतं. त्याच यादीत ‘कोणत्याही प्रकारची गाडी’ही आहे. हेतू चांगलाच होता. चालणाऱ्या माणसाला सुखानं चालता यावं. पण शब्दावर बोट ठेवलं, तर चाकाच्या खुर्चीत बसलेला माणूसही गाडीवालाच ठरत होता.

पुढं दोन महायुद्धं झाली आणि हजारो सैनिक हातपाय गमावून घरी परतले. त्यांच्या हिंडण्याफिरण्याची सोय करणं हे आपलं काम आहे, हे सरकारनं मान्य केलं. १९४८च्या सुमारास एसेक्समधल्या बर्ट ग्रीव्ह्ज यांनी आपल्या नात्यातल्या एका अपंग तरुणासाठी छोटी तीनचाकी बनवली. तिचं नाव ‘इनव्हाकार’. पुढं अशा फिक्या निळ्या तीनचाक्या सरकार अपंगांना मोफत देऊ लागलं. पण त्यात बसायला जागा एकालाच; नवरा गाडीत, तर बायको बसथांब्यावर! शिवाय ती रस्त्यावरची गाडी. दुकानाच्या दारापर्यंत, बागेतल्या बाकापर्यंत ती कशी जाणार? सुरक्षिततेच्या कारणावरून ३१ मार्च २००३ पासून या तीनचाक्यांना रस्त्यावर बंदी आली.

खरा बदल घडला तो १९७० साली. मँचेस्टरचे खासदार आल्फ मॉरिस यांचे वडील पहिल्या महायुद्धात एक डोळा आणि एक पाय गमावून बसले होते, विषारी वायूनं फुप्फुसंही निकामी झाली होती. अपंग माणसाच्या घरात काय सोसावं लागतं, हे मॉरिस यांनी लहानपणी पाहिलं होतं. खासगी विधेयक मांडण्याची संधी तिथं चिठ्ठ्या टाकून मिळते. ती मिळताच त्यांनी दीर्घ आजारी व अपंग व्यक्तींसाठी विधेयक आणलं. निवडणुकीसाठी संसद विसर्जित होण्याच्या तोंडावर, २९ मे १९७० रोजी, त्याचा कायदा झाला. पुढं १९७४ साली हेच मॉरिस अपंगांच्या प्रश्नांसाठी नेमलेले जगातले पहिले मंत्री झाले.

त्या कायद्याचं विसावं कलम छोटं आहे. ठरावीक नियमांत बसणारी अपंगांची गाडी ही मोटारवाहन समजू नये आणि फूटपाथवरची मनाई तिला लागू करू नये, एवढंच ते सांगतं. एकशे पस्तीस वर्षांची आडकाठी दूर झाली.

सवलत दिली म्हणजे शिस्तही हवी. स्कूटर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बजाज उभी राहते. पण ही अपंगांची स्कूटर म्हणजे हँडल असलेली, बॅटरीवर चालणारी खुर्चीच. अमेरिकेत मिशिगनमध्ये अल थीम यांनी १९६८ साली आजारी पत्नीसाठी अशी ‘अमिगो’ बनवली. अशा गाड्या ब्रिटनमध्येही वाढल्या आणि १९८८ साली तिथं सविस्तर नियम आले. हातानं चालवायची खुर्ची पहिल्या वर्गात. दुसऱ्या वर्गातली विजेवर चालते. तिचा वेग ताशी चार मैल, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर. झपझप चालणाऱ्या माणसाइतका. तिसऱ्या वर्गाला रस्त्यावर ताशी आठ मैलांची मुभा आहे. पण फूटपाथवर चढताना वेग चारवर आणणारं बटण हवं. तिला दिवे, भोंगा, आरसा हवा, सरकारदरबारी नोंदणी हवी आणि चालवणारा किमान चौदा वर्षांचा हवा. लायसन्स मात्र कुणालाच लागत नाही.

तक्रारी तिथंही आहेत. मागून न वाजता येणाऱ्या स्कूटरनं म्हातारी माणसं दचकतात, आणि त्यांचंही बरोबरच आहे. २०१० साली संसदेच्या परिवहन समितीनं या प्रश्नाची चौकशी केली, तेव्हा अपघातांची धड आकडेवारीच नाही, हे उघड झालं. तरीही स्कूटरवाल्यांना घरी बसवा, असं ठरलं नाही. फूटपाथवर पहिला मान चालणाऱ्याचा, आणि खुर्चीनं त्याच्या चालीनं चालायचं, हाच तोडगा कायम राहिला.

आपल्याकडचा मोटार वाहन कायदाही १९८८चाच. त्यातही ‘इनव्हॅलिड कॅरेज’ हा शब्द आहे, पण मोटारवाहनाचा एक प्रकार म्हणून. फूटपाथवरच्या खुर्चीची आठवण आपल्याला उशिरा झाली. २०१६ साली दिव्यांग हक्क कायदा आला. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयानं फूटपाथवरच्या खांबांमुळे व्हीलचेअर अडतात, याची स्वतःहून दखल घेतली. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, चालण्याजोगा फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि तो दिव्यांगांनाही वापरता आला पाहिजे, असं बजावलं.

म्हणजे ताई कोण, याचं उत्तर मिळालं. ती पादचारीच.

परवा मी टेप घेऊन गेलो. दोन खांबांमधलं अंतर पावणेदोन फूट. ताईची खुर्ची सव्वादोन फूट. अडचण अर्ध्या फुटाची आहे. आम्ही अर्ज दिला आहे. तोवर ताई रस्त्याच्या कडेनंच वाचनालयात जाते, आणि मी तिच्या उजव्या हाताला, वाहनांच्या बाजूनं चालतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)