बंदरावरचा शंकू

२५-२६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री वेल्सच्या अँगलसी किनाऱ्यावर ‘रॉयल चार्टर’ हे जहाज खडकांवर फुटले आणि चारशेहून अधिक माणसे बुडाली. ब्रिटनच्या हवामान खात्याचे प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय यांनी या वादळाचा माग काढला. ठिकठिकाणच्या वायुदाबाच्या नोंदी तारेने वेळीच एकत्र आल्या, तर वादळाची पूर्वसूचना देता येईल, अशी त्यांची खात्री पटली. फेब्रुवारी १८६१ पासून त्यांच्या तारेनुसार बंदरांतील खांबांवर काळे शंकू आणि नळकांडी चढू लागली.

अंदाज अनेकदा चुकत. १८६५ मध्ये फिट्झरॉय यांनी आत्महत्या केली. पुढच्याच वर्षी, या इशाऱ्यांना शास्त्रीय पाया नाही असे ठरवून तज्ज्ञांच्या समितीने ते बंद पाडले. परंतु अपुरा इशाराही जीव वाचवतो, हे दर्यावर्दी अनुभवाने जाणत होते. त्यांच्या आग्रहामुळे जेमतेम वर्षभरात इशारे पुन्हा सुरू झाले.

भारताने हाच धडा ५ ऑक्टोबर १८६४ च्या कलकत्त्याच्या चक्रीवादळातून घेतला. त्यानंतर त्या बंदरासाठी इशाऱ्यांची व्यवस्था उभी राहिली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. आपल्या बंदरांच्या वादळी संकेतांत शंकू आणि नळकांडी आजही आहेत. विज्ञानाला पूर्ण खात्री होईपर्यंत थांबता येते. समुद्रावर निघालेल्या माणसाला नाही.