कुऱ्हाडीचा दांडा : 'डॉक्टर हू'चे चाहते आणि एका मालिकेचा अस्त (१९७६–१९८९)

डिसेंबर १९८६. बीबीसीवर प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांना वाहिलेला 'ओपन एअर' नावाचा कार्यक्रम चालू आहे. त्यात 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा-मालिकेच्या चाहता-मंडळातले काही तरुण आले आहेत आणि मालिकेचे लेखक दांपत्य पिप व जेन बेकर हेही आहेत. नुकत्याच संपलेल्या १४ भागांच्या कथेविषयी एक सोळा वर्षांचा मुलगा बोलू लागतो. कथा साचेबद्ध आहे, लेखन याहून पुष्कळ चांगले होऊ शकले असते, बोळांमधून धावाधाव आणि हास्यास्पद राक्षस यांपलीकडे त्यात फारसे काही उरलेले नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय. मुलाचे नाव ख्रिस चिबनॉल. हे नाव लक्षात ठेवा, धाग्याच्या शेवटाकडे ते पुन्हा येणार आहे.

मंडळी, आवडत्या मालिकेला उतरती कळा लागली म्हणून हळहळणारे चाहते ही समाजमाध्यमांच्या काळातली नवलाई आहे, असा आपला समज असतो. प्रस्तुत धाग्यात त्या हळहळीचा जुना इतिहास पाहू. त्यात एक प्रश्न मला गेले काही महिने छळतो आहे. मालिका बुडाली ती चाहत्यांच्या टीकेमुळे काय? आपल्याकडे 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' म्हणतात, तसे काही येथे घडले काय?

प्रथम पार्श्वभूमी, थोडक्यात. 'डॉक्टर हू'चा पहिला भाग प्रसारित झाला शनिवार, २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. देशाचे लक्ष अन्यत्र असल्याने पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. निर्माती होती सत्ताविशीतील व्हेरिटी लँबर्ट आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक होता वारिस हुसेन. होय, हा आपल्या लखनऊमध्ये जन्मलेला, लेखिका अतिया हुसेन यांचा मुलगा. पोलिसांच्या निळ्या खोक्यातून काळाच्या आरपार भटकणारा 'डॉक्टर' हा नायक. १९६६ मध्ये पहिला नट विल्यम हार्टनेल बाहेर पडला, तेव्हा नायकाचा देहच पालटण्याची युक्ती काढण्यात आली आणि मालिकेला अमरत्वाचा मंत्र गवसला.

तक्रारीचा इतिहास सुरू होतो तो मालिका लोकप्रियतेच्या शिखरावर असताना, आणि हेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९७६ मध्ये डॉक्टर हू ॲप्रिसिएशन सोसायटी स्थापन झाली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत रॉबर्ट होम्सने लिहिलेली 'द डेडली ॲसॅसिन' ही कथा आली. १९६९ साली प्रथम दिसलेले 'टाइम लॉर्ड' हे डॉक्टरचे जातभाई तोवर जवळजवळ देवतुल्य भासत. होम्सने त्यांना कुरकुरणाऱ्या, कटकारस्थानी, झगे सावरत हिंडणाऱ्या वृद्धांची सभा करून टाकले. नैतिकतेच्या रक्षणकर्त्या मेरी व्हाइटहाउस यांनी नायकाला पाण्यात बुडवण्याच्या दृश्यावर आक्षेप घेतला आणि बीबीसीला दिलगिरी व्यक्त करावी लागली, हा भाग प्रसिद्धच आहे. परंतु संस्थेच्या अध्यक्षाने चाहत्यांच्या नियतकालिकात लिहिलेले परीक्षण याहून जहाल होते. मालिकेची जादू कुठे गेली, असा त्याचा संतप्त सवाल होता.

आज त्याच कथेची गणना मालिकेच्या अभिजात कथांमध्ये होते. तो कालखंडच पुढे 'सुवर्णयुग' म्हणून ओळखला जाऊ लागला. दहा वर्षांनी ज्या मुलांनी 'पूर्वीची मजा राहिली नाही' म्हणून गळा काढला, त्यांच्या लेखी 'पूर्वी' म्हणजे हेच दिवस होते. गणेशोत्सवात दरवर्षी एक काका भेटतात, त्यांना आमच्या लहानपणचा उत्सवही तितकासा पसंत नव्हता, हे मला अलीकडे समजले. असो.

आता साधनांविषयी थोडे. त्यावाचून पुढचे नीट कळणार नाही.

साठच्या दशकातील कित्येक भाग बीबीसीने स्वतःच नष्ट केले. फिती महाग होत्या, पुसून पुन्हा वापरता येत, आणि पुनःप्रसारणाला फारशी संधी नव्हती. हा उद्योग १९७८ पर्यंत चालला. परिणामी १९८०च्या सुमारास एखादा पंधरा वर्षांचा चाहता जुन्या मालिकेविषयी जे काही जाणत होता, ते टार्गेट प्रकाशनाच्या छोट्या कादंबऱ्यांमधून, छायाचित्रांमधून आणि वडीलधाऱ्या चाहत्यांच्या आठवणींमधून. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही परिस्थिती चांगलीच ओळखीची आहे. अस्सल कागद हरवलेला, आणि हाती उरली ती बखर. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या पहिल्याच खंडात बखरकारांवर केलेली टीका ज्यांनी वाचली आहे, त्यांना या चाहत्यांची अडचण निराळी समजावून सांगायला नको. सुवर्णयुग बखरीत होते, दफ्तरात नव्हते.

'द टूम ऑफ द सायबरमेन' हे याचे उत्तम उदाहरण. १९६७ ची ही कथा नष्ट झालेली होती, म्हणूनच तिची कीर्ती वर्षागणिक वाढत गेली. १९९१ च्या अखेरीस तिच्या चित्रफिती हाँगकाँगमध्ये सापडल्या आणि १९९२ मध्ये ती व्हिडिओ कॅसेटवर आली. चाहत्यांनी ती हातोहात उचलली. मात्र पाहून झाल्यावर काहींचे चेहरे उतरले. चांगली होती, पण दंतकथेइतकी चांगली नव्हती. निर्माता जॉन नेथन-टर्नर वर्षानुवर्षे सांगत आला होता की स्मरणशक्ती माणसाला फसवते. चाहत्यांना हे वाक्य अतिशय झोंबत असे.

हा नेथन-टर्नर या कथेतला सर्वांत करुण माणूस. १९८० पासून शेवटापर्यंत, सलग नऊ हंगाम तो निर्माता होता. त्याने चाहत्यांना जितके जवळ केले तितके आधी कोणी केले नव्हते. संमेलने, मुलाखती, अमेरिकेचे दौरे, सर्व काही. एप्रिल १९८३ मध्ये लाँगलीट येथे विसाव्या वर्षाचा सोहळा झाला, तेव्हा संयोजकांच्या अंदाजाबाहेर गर्दी लोटली. माझ्या मते ऱ्हासाचे बीज याच जवळिकीत होते. चाहत्यांना जुने संदर्भ हवे होते आणि नेथन-टर्नरने ते मुक्तहस्ते दिले. १९८५ चा हंगाम 'अटॅक ऑफ द सायबरमेन'ने उघडतो. ही कथा १९६६ आणि १९६७ च्या कथांवर उभी आहे. त्यांतली दुसरी म्हणजे वर उल्लेखिलेली 'टूम', जी तेव्हा खुद्द बीबीसीच्या संग्रहातही नव्हती! शनिवारी संध्याकाळी चहा घेत बसलेल्या सामान्य कुटुंबाने यातून काय समजून घ्यायचे?

आणि तरीही चाहते असमाधानीच राहिले.

फेब्रुवारी १९८५ मध्ये घाव बसला. बीबीसी-१ चे नियंत्रक मायकेल ग्रेड यांनी मालिका अठरा महिन्यांसाठी थांबवली. कारणे देण्यात आली ती हिंसाचाराची आणि घसरत्या प्रेक्षकसंख्येची. प्रत्यक्षात वाहिनीला नव्या उपक्रमांसाठी पैसा हवा होता, 'ईस्टएंडर्स' ही दैनंदिन जीवनावरची मालिका त्याच महिन्यात सुरू झाली होती, आणि ग्रेड यांना 'डॉक्टर हू' मनापासून नावडे. ही नावड त्यांनी पुढेही कधी लपवली नाही. चाहत्यांनी वृत्तपत्रे गाठली. 'डॉक्टर इन डिस्ट्रेस' नावाचे निषेधगीतही निघाले. त्याच्या निर्मितीत हान्स झिमर होते, हे वाचून आजच्या सिनेरसिकांना धक्का बसेल. गाणे इतके सामान्य होते की मालिकेच्या शत्रूंनाच त्याने करमणूक पुरवली असावी.

मालिका सप्टेंबर १९८६ मध्ये परतली ती 'द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड' ही दीर्घकथा घेऊन. डॉक्टरवर खटला चालतो. पडद्याबाहेर मालिकेवर खटला चालूच होता, आणि हे साम्य कोणी लपवू पाहत नव्हते. आधीच्या हंगामात भागामागे सुमारे ७० लाख असलेला प्रेक्षक आता ५० लाखांच्या आसपास आला. १९७९ मध्ये, प्रतिस्पर्धी वाहिनी संपामुळे बंद असताना का होईना, एका भागाने १ कोटी ६० लाखांचा टप्पा ओलांडला होता, हे ध्यानात घ्या.

पडद्यामागे तर दाणादाण उडाली होती. शेवट लिहिणारे रॉबर्ट होम्स मे १९८६ मध्ये निवर्तले. होय, 'डेडली ॲसॅसिन'वालेच. पटकथा-संपादक एरिक सेवर्ड यांनी शेवटचा भाग पूर्ण केला, परंतु निर्मात्याशी बिनसल्याने आपली संहिता मागे घेतली आणि एका मासिकाला मुलाखत देऊन नेथन-टर्नरवर जाहीर टीका केली. घरचा आहेर म्हणतात तो हाच. चित्रीकरण तोंडावर आलेले. अशा वेळी नेथन-टर्नरने धाव घेतली ती पिप आणि जेन बेकर यांच्याकडे. सेवर्डच्या संहितेत काय होते हे त्यांना कायदेशीर कारणांमुळे सांगताही येत नव्हते. दुसऱ्याने रचलेल्या कोड्याचे उत्तर, ते उत्तर न पाहता, त्यांनी अवघ्या काही दिवसांत लिहून दिले.

आता डिसेंबर १९८६ चा तो कार्यक्रम पुन्हा डोळ्यांसमोर आणा. सोळा वर्षांचा मुलगा जे बोलला, त्यात मला खोटे काही दिसत नाही. तो शेवट गुंतागुंतीचा आणि फसलेलाच आहे. पण ज्यांना तो जाब विचारत होता, त्यांनीच बुडती नाव किनाऱ्याला लावली होती. हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्याकडे पडद्यावर दिसले तेवढेच साधन होते.

तर मग कुऱ्हाडीचा दांडा? मी आरंभी याच निष्कर्षाकडे झुकले होते. बीबीसीच्याच पडद्यावर मालिकेचेच भक्त तिला नावे ठेवताहेत, मग ग्रेडसारख्यांना आणखी काय हवे? तथापि घटनाक्रम नीट लावला की म्हणणे टिकत नाही. मालिकेला स्थगिती त्या कार्यक्रमाच्या जवळजवळ दोन वर्षे आधी मिळाली होती. सहावा डॉक्टर साकारणाऱ्या कॉलिन बेकरला १९८६ च्या अखेरीस काढले ते वाहिनीच्या वरिष्ठांच्या आग्रहाने. निरोपाचे दृश्य करायलाही तो परतला नाही, त्याच्या कुरळ्या केसांचा टोप नव्या नटाला घालून वेळ मारून नेली गेली. १९८७ पासून मालिकेला थेट 'कोरोनेशन स्ट्रीट'समोर बसवण्यात आले. ब्रिटनमधील सर्वांत लोकप्रिय मालिकांपैकी एकीशी त्याच वेळेला झुंज! १९८९ च्या हंगामाचा पहिला भाग ३१ लाख लोकांनी पाहिला. कुऱ्हाड वरून आली होती. चाहत्यांनी तिला फार तर धार लावली असेल, आणि तेही नकळत.

नेथन-टर्नरच्या गटाने मात्र चाहत्यांना एक चिमटा काढलाच. १९८८–८९ च्या 'द ग्रेटेस्ट शो इन द गॅलॅक्सी' या कथेत चश्मा लावलेला एक उत्साही मुलगा येतो. एका विख्यात सर्कशीचा तो परमभक्त. आरंभीचे खेळ त्याने स्वतः पाहिलेले नाहीत, पण ते आताच्यापेक्षा चांगले होते याची त्याला खात्री आहे. मी हा प्रसंग प्रथम पाहिला तेव्हा हसले, आणि मग जरा ओशाळले. कारण मीही २००५ नंतरच्या मालिकेपासून सुरुवात करून, वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर जुने हंगाम पाहत, 'खरी मालिका जुनीच' असे छातीठोकपणे सांगत असे.

६ डिसेंबर १९८९ रोजी शेवटचा भाग प्रसारित झाला. मालिका बंद झाल्याची रीतसर घोषणा बीबीसीने केलीच नाही. पुढचा हंगाम फक्त आला नाही. १९९१ पासून चाहत्यांनीच कादंबऱ्यांतून कथा पुढे चालवली. त्या लेखकांत मार्क गेटिस होते, रसेल टी. डेव्हिस होते. २६ मार्च २००५ रोजी डेव्हिस यांच्याच नेतृत्वाखाली मालिका परतली, आणि पहिला भाग १ कोटीहून अधिक लोकांनी पाहिला. नेथन-टर्नर हे पाहायला नव्हता. १ मे २००२ रोजी त्याचे निधन झाले होते.

आणि चिबनॉल? २०१८ मध्ये तो सोळा वर्षांचा मुलगा 'डॉक्टर हू'चा मुख्य लेखक-निर्माता झाला. पहिली स्त्री डॉक्टर त्याने आणली आणि फाळणीच्या दिवसांतील पंजाबवर एक भागही त्याच्याच कारकिर्दीत आला. तो विनय पटेल यांनी लिहिला होता. मग १ मार्च २०२० रोजी प्रसारित झालेल्या भागात चिबनॉलने डॉक्टरच्या जन्मकथेलाच हात घातला. हार्टनेलच्या आधीही डॉक्टरचे अनेक अवतार होऊन गेले होते, असे त्यात निघाले. चाहत्यांचा मोठा वर्ग खवळला. लेखन सुमार आहे, मालिकेची जादू गेली, हीच ती वाक्ये. कोणीतरी १९८६ ची ती जुनी चित्रफीत शोधून काढली आणि ती हजारो वेळा फिरवली गेली, त्याचेच शब्द त्याच्याच तोंडावर फेकण्यासाठी.

मी ती फीत बऱ्याच वेळा पाहिली आहे. दर वेळी माझे लक्ष त्या मुलाकडून बेकर दांपत्याकडे जाते. काही दिवसांत लिहिलेल्या त्या शेवटाची कथा त्यांच्याजवळ होती, आणि त्याच्याजवळ नव्हती.

पुढचा धागा पुसलेल्या फितींचा : कोणी पुसल्या, का पुसल्या, आणि जगाच्या कोणकोणत्या कोपऱ्यांतून त्या परत आल्या.