जावरचे जस्त

आपल्या ज्ञातीचे नाव काशावरून पडले; परंतु आपल्या पूर्वजांची चूल कित्येक पिढ्या पेटत राहिली ती मुख्यत्वे पितळेच्या भांड्यांवर. कासे म्हणजे तांबे व कथील आणि पितळ म्हणजे तांबे व जस्त, हे कासाराच्या घरातील लहान मुलासही ठाऊक असते. परंतु हे जस्त पूर्वी कोठून येई आणि ते दगडातून कसे काढीत, असा प्रश्न मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या मनात आला असेल. या प्रश्नाचे उत्तर मेवाडच्या डोंगरांत, उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरांवर असलेल्या जावर या गावी मिळते. ती हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. तीत अभिमानास जागा आहे, तशीच खेदास आणि बोधासही आहे.

प्रथम जस्त काढण्यातील अडचण काय, ते पाहू. तांब्याचा किंवा लोखंडाचा दगड कोळशाबरोबर भट्टीत घालून भाता मारला, की धातू भट्टीच्या तळाशी जमतो. जस्ताचा स्वभाव निराळा आहे. ते सुमारे ४२० अंश उष्णतेस वितळते आणि ९०७ अंशांस उकळू लागते. उलट, भस्मरूपातील जस्त कोळशाच्या साहाय्याने मोकळे करावयाचे, तर हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणजे हा धातू भट्टीत जन्मास येतो तोच मुळी वाफ होऊन. त्या वाफेस हवा लागली, की तिचे पुन्हा पांढरे भस्म होते. उघड्या भट्टीत कितीही लाकूड जाळले तरी हाती राखच यावयाची!

यामुळे पुष्कळ देशांत पितळ निराळ्या युक्तीने करीत. तांब्याचे तुकडे, जस्ताची खनिज माती आणि कोळसा ही एका बंद मुशीत तापवीत. निघालेली वाफ तांब्यात शिरे आणि तांबे पिवळे होई. परंतु या रीतीने पितळेत जस्ताचे प्रमाण शेकडा २८ च्या आसपास जाऊन थांबते आणि ते प्रमाण कारागिराच्या हाती पूर्णपणे राहत नाही. शुद्ध जस्त हाती आल्याखेरीज मनाजोगे पितळ ओतता येत नाही, हे जाणत्यांस सांगावयास नकोच.

ही अडचण जावरच्या लोकांनी सोडविली. तेथील खाणी दोन हजार वर्षांहून जुन्या आहेत. निदान चौदाव्या शतकापर्यंत तेथे जस्त मोठ्या प्रमाणावर निघू लागले होते. १९८३ च्या सुमारास हिंदुस्थान झिंक, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय आणि लंडनचे ब्रिटिश म्युझियम यांनी मिळून तेथे संशोधन केले. प्राध्यापक हेगडे, डॉक्टर पॉल क्रॅडॉक आदी विद्वान त्यात होते. उत्खननात भट्ट्या जशाच्या तशा सापडल्या, म्हणूनच त्यांची रचना आज खात्रीने सांगता येते.

प्रत्येक भट्टीस दोन मजले असत आणि मध्ये भोके असलेली भाजक्या मातीची जाड फरशी असे. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशींत भाजलेले खनिज, कोळसा, मीठ इत्यादींच्या गोळ्या भरीत. मुशीच्या तोंडाशी मातीची नळी जोडीत व आत एक बारीक काडी खोवून ठेवीत. नंतर मूस उलटी करून तिची नळी फरशीच्या भोकातून खाली सोडीत. मूस उलटी असताही काडीमुळे आतील गोळ्या एकदम खाली येत नसत. उष्णतेने काडी जळून जाई, तोवर गोळ्या एकमेकींस चिकटलेल्या असत आणि काडीच्या जागी वाफेस वाट मिळे. वरच्या मजल्यावर आग, खालच्या मजल्यावर त्या मानाने थंडावा. त्यामुळे वाफ नळीतून खाली उतरून थिजे व धातूचे थेंब खाली ठेवलेल्या भांड्यात पडत. एका भट्टीत ३६ मुशी बसत. सात भट्ट्या एका ओळीत असत, म्हणजे एका वेळी २५२ मुशी तापत. अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञांच्या संस्थेने १९८८ साली या स्थळाचा ऐतिहासिक स्थळ म्हणून गौरव केला, तो उगीच नव्हे.

आता या उद्योगाचा जमाखर्च पाहू. जावरच्या दगडात जस्त फार थोडे, शंभर भागांत चारपाच भागच असते. ते शिसे व लोहमाक्षिक यांच्याबरोबर कठीण खडकात मिसळलेले असते. सुरुंगाची दारू नसताना तो खडक फोडण्यासाठी खाणीत लाकडे पेटवून दगड तापवीत व मग तो निववून त्यास तडे पाडीत. बाहेर आणलेला दगड कुटावयाचा, निवडावयाचा, भाजावयाचा आणि मग मुशीत भरावयाचा. शिवाय मूस एकदाच उपयोगी पडे. दर वेळी २५२ नव्या मुशी हव्यात, म्हणजे खाणकऱ्याइतकाच कुंभारही महत्त्वाचा. लाकूडतोड्या नसेल तर खाण बंद, कोळसा नसेल तर भट्टी बंद! वापरून झालेल्या मुशींचे ढीग टेकड्यांसारखे साठले व त्याच मुशी रचून लोकांनी घरांच्या भिंती उभारल्या. त्या भिंतींचे अवशेष जावरला पाहावयास मिळतात. असा हा पसारा चालावयाचा तर धान्य, जंगल, वाटांवरील निर्धोकपणा आणि राज्याचा आश्रय ही चारही एका वेळी असावी लागतात. मेवाडच्या राण्यांनी तो आश्रय दिला आणि त्या राज्यास खाणींचे उत्पन्नही मिळाले.

जावरची ही विद्या ग्रंथांतही डोकावते. तेराव्या शतकाच्या सुमाराच्या रसरत्नसमुच्चय या ग्रंथात खर्परातून सत्त्व काढण्यासाठी वृंताक मूषा, म्हणजे वांग्याच्या आकाराची मूस, सांगितली आहे. बरोबर घालावयाच्या द्रव्यांत हळद, त्रिफळा, राळ, टाकणखार यांचा उल्लेख आहे. हे जस्त हाती होते म्हणूनच या देशात नाना प्रकारची कामे झाली. आपल्या मराठवाड्याच्या शेजारी बीदर येथे होणारे बिदरी काम हे मुख्यत्वे जस्ताचे. तांबे त्यात थोडेच असते.

युरोपात मात्र जस्त पूर्वेकडूनच येई. इंग्लंडात ब्रिस्टलच्या विल्यम चँपियन याने १७३८ साली जस्त काढण्याचे पेटंट घेतले आणि १७४३ च्या सुमारास कारखाना सुरू केला. त्याच्या भट्टीतही वाफ खालीच उतरवीत. जावरच्या रीतीशी तिचे साम्य विद्वानांच्या लक्षात आले आहे.

मग जावर का बुडाले? येथे एक अप्रिय गोष्ट सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. अठराव्या शतकात मेवाडावर वारंवार स्वाऱ्या झाल्या, त्या आपल्याच मराठी फौजांच्या. १७६९ साली महादजी शिंद्यांनी उदयपुरास वेढा दिला आणि राण्यावर मोठी खंडणी बसविली. त्या रकमेपोटी नीमचसारखे मुलूख गहाण पडले. केवळ मराठ्यांनीच खाणी बुडविल्या असे म्हणणे न्यायाचे होणार नाही; रजपुतांचे गृहकलह, पेंढाऱ्यांची लूट आणि १८१२-१३ चा भयंकर दुष्काळ हीही कारणे होतीच. परंतु ज्या जस्तावर पुण्या-नाशिकच्या कासाराचे पोट चाले, त्याच्या उगमाचा मुलूख उजाड करण्यास आपल्या राज्यकर्त्यांचा हात लागला, हे सत्य झाकून ठेवणे शिक्षकास शोभणारे नाही. खंडणीचा आकडा मोजणाऱ्यास भट्टीचा जमाखर्च दिसत नाही.

१८१८ साली मेवाडचा इंग्रजांशी तह झाला व शांतता आली; तरी भट्ट्या पुन्हा पेटल्या नाहीत. खनिज तर डोंगरात तसेच होते! नाहीशी झाली होती ती माणसे. मुशीची माती कोणती, आग किती वेळ द्यावयाची, काडी केवढी असावी, हे त्यांच्या हातांत होते, कागदावर नव्हते. पंडिताने ग्रंथात मूस लिहिली, पण भट्टीचे मोजमाप लिहिले नाही. कारागिरास मोजमाप ठाऊक होते, पण लिहिता येत नव्हते. दोघांची गाठ पडली नाही आणि दुष्काळात लोक पांगताच पाच शतकांची विद्या बुडाली.

त्यानंतर आपल्या मुशीत पडू लागले ते परदेशचे जस्त. १९४० च्या दशकात जावरच्या खाणी पुन्हा नीट चालू झाल्या. परंतु जस्त गाळण्याचा कारखाना नसल्याने तेथील निवडलेले खनिज जपानात पाठवून धातू परत आणावा लागे. जगास जस्त देणाऱ्या गावाची ही दशा! अखेर १९६६ साली हिंदुस्थान झिंक ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६७ साली केरळात अलवाय येथे आणि १९६८ साली उदयपूरजवळ देबारी येथे जस्ताचे कारखाने सुरू झाले. देबारीस जस्त वाफेने नव्हे, तर आम्लात विरघळवून विजेच्या योगाने काढू लागले. २००२ साली हिंदुस्थान झिंकची सूत्रे खाजगी हाती गेली. म्हणजे जावर थंड पडल्यापासून स्वदेशी कारखान्यांतून जस्त निघू लागेपर्यंत दीड शतकाहून अधिक काळ लोटला.

यावरून आपण काय घ्यावयाचे? स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियम यांनी पितळेस स्वयंपाकघरातून बाहेर काढले, याबद्दल नुसते हळहळून उपयोग नाही. ओतीव कामाची माती कशी मळावी, माठारकामात हातोडा कसा पडावा, डाग कसा द्यावा, जस्त मुशीत केव्हा टाकावे म्हणजे ते जळून जात नाही, हे जाणणारे वृद्ध आपल्यात अद्याप आहेत. त्यांची मुले निराळ्या व्यवसायांत गेली, ते योग्यच झाले. परंतु त्या मुलांस लिहिता येते, आणि जावरच्या कारागिरास जे साधले नाही ते त्यांस साधण्यासारखे आहे. प्रत्येक घराने आपल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून एक वही भरावी, वजनमापांसह भरावी, आणि आपल्या स्मरणिकेने दरवर्षी त्यांतील काही पाने छापावीत, अशी माझी सर्व ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र विनंती आहे.