शिट्टीऐवजी ढोल

कवायतीच्या तासाला मुले का कंटाळतात, हा प्रश्न बंगालमध्ये एका सनदी अधिकाऱ्याने सोडवू पाहिला, याचे बदलीच्या नोकरीत जन्म काढणाऱ्या आम्हांस विशेष कौतुक वाटते. गुरुसदय दत्त हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले. १९३० च्या सुमारास बीरभूमचे जिल्हाधिकारी असताना त्यांनी रायबेंशे नृत्य पाहिले. उजव्या पायात नूपुर, ढोल-काँशीचा ठेका, जुन्या पायदळाच्या हालचाली; आणि नाचणारे कोण, तर बाऊरी, डोम अशी गावकुसाबाहेरची मंडळी! भद्रलोकांनी तिकडे कधी ढुंकून पाहिले नव्हते. हे साहेब मात्र स्वतः त्यांच्यांत मिसळून नाचले.

१९३२ साली त्यांनी व्रतचारी चळवळ सुरू केली. ज्ञान, श्रम, सत्य, ऐक्य आणि आनंद ही तिची पाच व्रते. आनंदाला व्रताचा मान देणारा दुसरा अंमलदार आमच्या तरी ऐकिवात नाही. मुले गात, नाचत, तळ्यांतील जलपर्णी उपटीत. व्यायाम घडे तो या ओघात.

आमची लेझीम याच जातीची. हलगीच्या तालावर ती खेळणारा मुलगा घाम मोजीत बसत नाही. येथील सरकारी वसाहतींत वाढणाऱ्या आमच्या मुलांना मात्र ना लेझीम ठाऊक, ना रायबेंशे. परीक्षेतले गुण तेवढे ठाऊक.

दत्त १९४१ साली निवर्तले. त्यांचे व्रतचारी ग्राम जोका येथे आहे. अलीपूरहून डायमंड हार्बर रस्त्याने गेल्यास ते फारसे दूर नाही.