धर्मादाय : पेठेची वही आणि देवाचे खाते

सुरतेजवळील डिंडोलीच्या परिसरात आज खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. यंत्रमागाच्या व कापडाच्या धंद्यामुळे ही मंडळी इकडे आली. परंतु त्यांच्या मूळ गावांकडे जाणारा उधना-जळगाव लोहमार्ग त्याहून कितीतरी जुना आहे. तापी खोऱ्यातील हा मार्ग १९०० च्या सुमारास अमळनेरपर्यंत झाला आणि नवापूर, नंदुरबार, दोंडाईचे, अमळनेर या शेतीवर जगणाऱ्या पेठा सुरतेशी जोडल्या गेल्या. या पेठांतील दुकानदारांचा व कारागिरांचा इतिहास पाहू गेल्यास देवस्थानांच्या महाजनांनी ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट हाती येते.

खानदेश १८१८ साली इंग्रजी अमलाखाली आला. त्या काळी खेड्यातील लोहार, सुतार, कुंभार, चांभार हे बलुतेदार होते. नांगराचा फाळ शेवटणे, गाडीचे चाक बसविणे, मोट शिवणे या कामांचा मोबदला त्यांना सुगीच्या वेळी खळ्यावर धान्यरूपाने मिळे. जे खेड्यात होत नसे त्यासाठी मात्र शेतकऱ्यास पेठेची वाट धरावी लागे. मीठ, मसाला व गूळ किराण्याच्या दुकानी, लुगडे-धोतर कापडवाल्याकडे, बांगडी कासाराकडे, भांडे तांबटाकडे आणि लग्नाचा दागिना सराफाकडे, असा त्याचा बाजार असे.

हा बाजार बहुधा उधारीवर चाले. आखाजीला सालदाराचे नवे वर्ष सुरू होई. पाठोपाठ बी-बियाणे, बैल, सरकारी सारा यांची निकड उभी राही आणि हाती पैसा येई तो कापूस विकल्यावर. मधल्या महिन्यांत शेतकऱ्याचे घर दुकानदाराच्या वहीवर चाले. दुकानदारही स्वतंत्र नसे. त्याचा माल मोठ्या व्यापाऱ्याकडून उधारीवर आलेला असे. एक पीक बुडाले की सारी साखळीच ताणली जाई. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव चढले आणि पत वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले, कर्ज मात्र वहीत तसेच राहिले. खानदेशाबाहेर, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज हिसकावून जाळले. वहीवरील विश्वास उडाला म्हणजे काय होते, याचा तो धडा होता.

कापूस विकण्याचा दिवस हा या व्यवहाराचा कळस. गाडी अडत्याच्या दारी लागे. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल त्यालाच तो भाव कित्येकदा उमगत नसे. मग पट्टी होई. तीत अडत, तोलाई, हमाली वजा होत आणि त्यांच्याच ओळीत आणखी एक रक्कम असे, ती म्हणजे धर्मादाय. देवळाचा नंदादीप, धर्मशाळा, पांजरपोळ, पाठशाळा यांसाठी ही लाग घेतली जाई. सुरतेच्या महाजनांतही व्यापारावर अशी लाग बसवून धर्मकृत्ये चालविण्याची रीत होती. एकेका गाडीवर ती रक्कम क्षुल्लक वाटे. परंतु हंगामभरात तिचा संचय मोठा होई आणि त्यातून पुष्कळ चांगली कामे उभी राहिली, हे नाकारता येणार नाही.

प्रश्न आहे तो दात्याचा. देवळाच्या शिळेवर नाव कोरले गेले ते पेढीचे. पैसा मात्र वजा झाला होता शेतकऱ्याच्या पट्टीतून, आणि तोही त्याला न विचारता. १९२८ साली अहवाल देणाऱ्या शेतीविषयक शाही आयोगाने बाजारातील अशा अनेक कपातींवर बोट ठेवले. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजारांसाठी आणि १९३९ साली एकूण शेतमालाच्या बाजारांसाठी कायदा झाला. पुढे १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याने खुद्द धर्मादायाचीच दखल घेतली. धंद्याच्या रूढीनुसार घेतलेली अशी रक्कम ही विश्वस्त-निधी होय, ती घेणारा तिचा विश्वस्त होय आणि तिचा हिशेब त्याने दिला पाहिजे, असे कलम ५४ ने ठरविले. सुरत व खानदेश तेव्हा एकाच मुंबई राज्यात होते. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाल्यावरही हा कायदा दोन्हीकडे चालू राहिला.

कायद्याने सांगितले ते मुळात धर्मानेच सांगितलेले होते. देवाच्या नावे घेतलेला पैसा घेणाऱ्याचा होत नाही. अमळनेरात वैशाखात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. बोरी नदीच्या पात्रात दुकाने लागतात; विकणारा आणि विकत घेणारा दोघेही एकाच देवापुढे हात जोडतात. त्या क्षणी देवस्थान कोणाच्या पैशाने उभे राहिले हे कोणी विचारीत नाही; म्हणूनच महाजनांनी ते आपण होऊन स्मरावयास हवे.

मंदिराचा कारभार पाहणाऱ्या घराण्यांना मान मिळतो आणि तो योग्यच आहे. मात्र त्या मानाखाली फाळ शेवटणारा लोहार, मोट शिवणारा चांभार, ओझे वाहणारा हमाल आणि पट्टी न वाचता येणारा शेतकरी यांचाही वाटा आहे. त्यांची नावे शिळेवर नाहीत. चोख ठेवलेला आणि सर्वांसाठी उघडा असलेला हिशेब, हेच त्यांचे स्मारक होय.