सास्तूरची सायकल आणि वाढलेलं अंतर

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे भूकंपाने सास्तूर हे गाव उद्ध्वस्त केलं, तेव्हा दगडमातीच्या माळवदांबरोबर बोळांची जुनी वस्तीही गेली. भूकंपग्रस्त भागातली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. घरं विरळ, रस्ते रुंद. पूर्वी हाकेवर असलेलं सगळं लांब पडलं. माझ्या मते इथल्या सायकलचा इतिहास या अंतरात शोधावा. मोटारसायकल आल्यावर सायकल संपली, असं कुणी म्हणेल. पण घरातली एकुलती गाडी कर्त्याच्या हाती. शाळकरी पोरांना सायकलच उरते. आणि रुंद रस्ता सुरक्षित, हाही भ्रमच. त्यावर वेग वाढतो, म्हणून ब्रेक नीट हवेत. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधणारे आपण झिजलेल्या ब्रेकरबराकडे मात्र बघत नाही. पुढचं पंक्चर काढताना तेवढं बघून घ्या.