उरलेल्या जागेतले उपग्रह

जूनचा चौथा पूर्ण शनिवार-रविवार आला की अमेरिका-कॅनडातले हौशी रेडिओचालक माळावर तंबू ठोकतात. या मंडळींना जगभर 'हॅम' म्हणतात आणि 1933 पासून चालत आलेल्या त्यांच्या या मेळ्याला 'फील्ड डे'. बॅटरी किंवा जनरेटर लावून जमतील तितके संपर्क साधायचे, हा त्यातला खेळ आणि हाच संकटकाळाचा सराव.

तंबूंपासून जरा दूर, मोकळ्या आकाशाखाली एखादा हॅम हातात अँटेना धरून उभा असतो. दांड्यावर पोलादी मोजपट्टीचे कापलेले तुकडे बसवले की हा अँटेना तयार. हॅमसाठीचा एसओ-50 हा उपग्रह क्षितिजावर उगवतो आणि दहा-बारा मिनिटांत मावळतो. तेवढ्या वेळात 145 मेगाहर्ट्झवर बोलायचे आणि 436 वर ऐकायचे. उपग्रह जवळ येताना त्याची कंप्रता चढलेली लागते, दूर जाताना उतरते. म्हणून एका हाताने अँटेना आणि दुसऱ्याने रेडिओची खुंटी फिरवत राहावे लागते.

घरातली मोजपट्टी जशी इथे कामी आली, तसेच हॅमचे हे उपग्रहही दुसऱ्यांच्या कामातून उरलेल्या जागेत वाढले.

1957 मध्ये स्पुटनिक या उपग्रहाची पिप-पिप 20 मेगाहर्ट्झच्या आसपास येत होती. ती साध्या रेडिओवर ऐकता येत असल्यामुळे जगभरच्या हॅमनी ती टिपली. दोनच वर्षांनी डॉन स्टोनर या हॅमनी हौशी रेडिओच्या 'सीक्यू' मासिकातून विचारले, कुणाकडे जास्तीचे रॉकेट आहे का? कॅलिफोर्नियातल्या हॅमनी हा प्रश्न मनावर घेतला. अमेरिकी हवाई दलाच्या रॉकेटवर तोल सांभाळायला वजन ठेवलेले असे. त्या वजनाच्या जागी त्यांनी आपली साडेचार किलोंची पेटी बसवली. 12 डिसेंबर 1961 रोजी गेलेला हा ऑस्कर-1 मोर्समध्ये फक्त 'हाय' म्हणत राहिला. बॅटरी तीन आठवड्यांत संपली. तोवर 28 देशांतून 570 हून अधिक हॅमनी तो ऐकल्याचे कळवले होते.

ऑस्कर-1 नुसता बोलत होता. 1965 मधला ऑस्कर-3 पृथ्वीवरून आलेले बोलणे पकडून पुन्हा खाली पाठवू लागला, आणि दोन हॅमना उपग्रहातून एकमेकांशी बोलता आले. 1969 मध्ये अशा उपग्रहांसाठी वॉशिंग्टनमध्ये ॲमसॅट ही संस्था उभी राहिली. 1974 चा ऑस्कर-7 हवामान उपग्रहासोबत गेला. 1981 मध्ये त्याची बॅटरी शॉर्ट झाली आणि तो मुका झाला. 2002 मध्ये अचानक तो पुन्हा बोलू लागला. आतला शॉर्ट सुटला होता, सौरपट्ट्यांची वीज थेट यंत्रापर्यंत पोचू लागली होती. तेव्हापासून तो उन्हात जागतो आणि पृथ्वीच्या सावलीत निजतो.

आपल्याकडचा इतिहासही असाच सहप्रवासाचा. 5 मे 2005 रोजी पीएसएलव्ही रॉकेटवर कार्टोसॅट-1 या मुख्य उपग्रहासोबत 42.5 किलोंचा हॅमसॅट गेला. त्यावर आलेले बोलणे पकडून परत पाठवणारे दोन ट्रान्सपाँडर होते, एक भारतीय हॅमनी बांधलेला, दुसरा एका डच विद्यार्थ्याने. तो 2014 पर्यंत चालला. 22 जून 2016 रोजी पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा, जेमतेम एका किलोचा 'स्वयम्' निघाला, तोही एका कार्टोसॅटच्याच सोबतीने. हॅमना एकमेकांपर्यंत संदेश पोचवता यावेत, हे त्याचे काम होते.

बाजूच्या जागेत बसून कक्षेत पोचलेल्यांनी आपली जागाही वाटूनच वापरायची रीत ठेवली. एसओ-50 सारख्या उपग्रहावर वाहिनी एकच, एका वेळी एकच आवाज. म्हणून फील्ड डेच्या नियमांत अशा प्रत्येक उपग्रहावरचा एकच संपर्क मोजला जातो. माळावरचा हॅम आपला संपर्क नोंदवतो आणि उरलेली मिनिटे इतरांसाठी मोकळी ठेवतो.